गळा काढू नका, तळमजला मागा

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या वाटल्या. चाळीस मजल्यांचे टॉवर. एकशे साठ चौरस फुटांतला माणूस पाचशे चौरस फुटांत गेला. मी शिवडीच्या बीडीडीतला. आमच्याकडं तेव्हा वीटही हलली नव्हती. त्याच आठवड्यात गोदीतली रात्रपाळी सुटल्यावर टपरीवर पेपर उलगडला. एका पानावर सरकारचे आभार. दुसऱ्या पानावर कुणा पांढरपेशा लेखकानं चाळ संस्कृती संपली म्हणून गळा काढलेला. मित्रहो, मी दोन्ही पानं फाडणार होतो. पण पेपर टपरीवाल्याचा होता.

म्हणून लिहायला बसलो. आमच्या पोरांनी या दोघांचंही ऐकू नये एवढ्यासाठी.

पहिल्यांदा गळा काढणाऱ्यांचं बघू. हे म्हणतात, चाळीत दारं उघडी असायची. असायची की! आत हवा नव्हती म्हणून असायची. आमच्या खोलीत नऊ माणसं आणि एक माळा. आजोबा पाळीवरून आले की दोन पोरांनी वळकटी घेऊन गॅलरीत जायचं. माझी आजी दिवेलागणीनंतर पाणी पीत नसे. का? तर संडास मजल्याच्या टोकाला, दिवा गेलेला, कडी तुटलेली. एकानं आत बसायचं, दुसरीनं बाहेर दार धरायचं. एकोपा म्हणतात तो हाच असेल तर तो तुमच्या बंगल्यात न्या. वर्षभर वापरून बघा आणि मग अग्रलेख लिहा.

आणि एकोपा कुणाचा कुणाशी? चाळींना नंबर होते, पण नंबरानं कुणाचं भागत नव्हतं. ही बौद्धांची चाळ, ती त्यांची चाळ, हे दहा वर्षांच्या पोराला पाठ. गावकूस मागं टाकून मुंबईला आलो म्हणतो आपण. गावकूस आमच्या आधीच्या बोटीनं येऊन बसलं होतं. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा उधळली आणि दंगल पेटली, तेव्हा दगड कुठून कुठं गेले? या चाळीवरून त्या चाळीवर. १० जानेवारीच्या मोर्चात परळला इमारतीवरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव मारला गेला. रमेश देवरूखकर पोलिसांच्या गोळीनं गेला. चाळ संस्कृतीच्या पुस्तकात या दोघांची पानं कुठं आहेत? गणपती आहे, नाटकाची तालीम आहे, दिवाळीचा फराळ आहे. रक्त तेवढं पुसलेलं आहे.

तेव्हा चाळ पडते तर पडू दे. ती धरून ठेवायची हौस आपल्याला नाही. आजीला स्वतःचा संडास हवा होता, तो मिळायला शंभर वर्षं लागली. वरळीतल्या ज्या म्हाताऱ्यांनी त्या दिवशी आतून कडी लावून बघितली असेल, त्यांच्या आनंदाला नावं ठेवणाऱ्याच्या कानाखाली काढावीशी वाटते.

आता आभार मानणाऱ्यांचं बघू. ‘सरकारनं फुकट घर दिलं.’ फुकट? हिशेब काढू. हिशेबाला मॅट्रिक पुरते.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९८ ला गोऱ्या सरकारनं सुधार ट्रस्ट काढला. ट्रस्टनं गरिबांच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि थोड्या चाळी बांधल्या. परळच्या त्यातल्याच एका चाळीत बाबासाहेब राहत होते, १९३४ ला राजगृहात जाईपर्यंत. पुढं १९२० साली लॉइड गव्हर्नरनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. तेच बीडीडी. पन्नास हजार खोल्या बांधू अशी घोषणा. उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. एका चाळीत ऐंशी खोल्या. करा गुणाकार. सोळा हजार पाचशे साठ. उरलेल्या तेहतीस हजार घोषणेतच राहिल्या. घोषणा करून कमी बांधायची रीत दिल्लीची किंवा मुंबईची नवी नाही, बाबांनो. ती साहेबाकडून वारशानं आलीय.

पैसा कुठून आला? मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागं एक रुपया कर बसवला. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. गासडीमागं एक रुपया. तो रुपया व्यापाऱ्याच्या वहीत लिहिला गेला. गासडी माझ्या पणज्याच्या पाठीवर होती. वही दप्तरात सापडते. पाठ कुठल्या दप्तरात शोधायची?

चाळी बांधल्या त्या कशा? कोरा सिमेंट काँक्रीट, घराची कळा नाही. सुरुवातीला माणसं राहायला येईनात. कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या सत्याग्रहात तुरुंग भरले तेव्हा वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. बघा म्हणजे. साहेबाला तुरुंग म्हणून जी इमारत चालली, तीच कामगाराला घर म्हणून दिली. त्या तुरुंगाचं घर कुणी केलं? आमच्या बायांनी. गोवऱ्या, भांडी, पाट्या-वरवंटे, बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती आत नेऊन. दर महिन्याला भाडं भरून.

आणि आजचं ‘फुकट’ कसं आहे? आम्हाला पाचशे फूट, आणि त्याच जमिनीवर विक्रीचे टॉवर. त्या विक्रीच्या पैशातून आमची घरं. मग दिलं कुणी? जमिनीनं दिलं. शंभर वर्षं आम्ही ज्या जमिनीवर पाय रोवून राहिलो तिनं दिलं. मधे हात फिरवणारा दाता झाला आणि आम्ही झालो लाभार्थी. हा शब्द मला शिवीसारखा लागतो. गावकीचं काम करणाऱ्या आमच्या बापजाद्याला पाटलाच्या ओट्याखालून वाढलेली भाकरीसुद्धा ‘दिलेली’च असायची. घामाचं मोल आणि दान यांतला फरक मिटवला की मग माणूस जन्मभर हात जोडून उभा राहतो.

गिरणीवाल्यांचं काय झालं ते आठवा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले. एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक गरिबांच्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम फिरवला, वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे. शेडखालची जमीन गेली मालकाच्या खिशात. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. एका शब्दाच्या फेरानं एकरच्या एकर जमीन इकडची तिकडं गेली. तेव्हा आपण जाहीरनामे वाचत होतो. ते नियम वाचत होते.

नावांचीही गंमत बघा. २०२२ साली बीडीडीला नवी नावं द्यायचं जाहीर झालं. वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. सरकार तीन पक्षांचं, नावं तीन. गासडी उचलणाऱ्याचं एकही नाही. भागवत जाधवचं नाही.

बरं, मग चाळीतलं रडण्यासारखं काहीच नाही का? आहे. एकच. ती खोली नव्हे, तो जिना नव्हे. तळमजला. दोन चाळींच्या मधली मोकळी जागा.

आमचं सगळं राजकारण तिथं झालं. जयंतीचा मांडव तिथं. भीमगीतांचे सामने तिथं. विहार, वाचनालय, व्यायामशाळा तळमजल्यावर. संपाच्या दिवसांत धान्याची गोणी फुटायची ती तिथं. मी माझी पहिली कविता खांबावरच्या ट्यूबलाइटखाली वाचली. कवितेत सहा चुका होत्या. सहाच्या सहा खाली मांडी घालून बसलेल्या एका निवृत्त हमालानं सांगितल्या. असलं विद्यापीठ कुठल्या टॉवरच्या नकाशात आहे, दाखवा मला.

चार मजल्यांच्या चाळीत खालून हाक मारली की शंभर माणूस गॅलरीत येतो आणि पाच मिनिटांत खाली उतरतो. पोलिसांना ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. चाळिसाव्या मजल्यावर हाक पोचत नाही. तिथं मोबाइलवर मेसेज पोचतो. मेसेजला अंगठा दाखवून माणूस झोपतो. लिफ्टमध्ये एका वेळी दहा-पंधरा माणसं येतात. दहा-पंधरांचा मोर्चा होत नाही, शिष्टमंडळ होतं.

सोडतीनं एक चांगलं केलं, ते कबूल करायला हवं. कुणाला कुठला मजला ते यंत्रानं ठरवलं. ही बौद्धांची, ती त्यांची, हा नकाशा मोडला. आपण शंभर सभांत जे मागितलं ते एका दुपारच्या सोडतीनं झालं. पण दार शेजारी आलं म्हणजे माणूस शेजारी आला असं समजू नका. मध्य मुंबईतल्या दुसऱ्याच एका पुनर्विकसित इमारतीत माझा दोस्त राहतो. जयंतीला त्यानं दारावर निळा झेंडा लावला. संध्याकाळी समितीचे दोन सभ्य गृहस्थ आले. म्हणाले, ‘भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण पॅसेजमध्ये काही लावायचं नाही असा नियम आहे.’ समोरच्या दाराला तोरण होतं, स्वस्तिक होतं, देवीचा फोटो होता. दोस्तानं तिकडं बोट केलं. ते म्हणाले, ‘ती श्रद्धा आहे.’ १९७४ ला वरून दगड यायचा. आता समोरून नियम येतो. डोकं दगडानं फुटतं, नियमानं नुसतं खाली जातं.

आणि आपल्या वाघांनाही विचारू का एक? माझी आत्या नवऱ्यानं टाकलेली. पंचवीस वर्षं आमच्याच खोलीत राहिली. घरकाम करून तिनं आमच्या फिया भरल्या. भाडेपावतीवर आजोबांचं नाव होतं, मग बापाचं आलं, उद्या माझं येईल. आत्याचं नाव रेशनकार्डावर. चाळीत तिला झोपायला जागा होती, कारण कोपरा कुणाच्याच नावावर नव्हता. पाचशे फुटांत दोन खोल्या होतील आणि प्रत्येक खोलीला मालक होईल. तेव्हा आत्या कुठं? आजी म्हणायची, ‘बाईचं घर म्हंजे चुलीपुरतं. चूल इझली का घर गेलं.’ हे बदलणार नसेल तर चाळीस मजले चढून आपण पोचलो कुठं? ज्यांच्याविरुद्ध बोंबललो त्यांच्याच ओट्यावर.

आता आमच्या शिवडीचं. आमच्या चाळी पोर्टाच्या जमिनीवर. बाकी तिन्ही ठिकाणी राज्यानं काम काढलं, आम्ही केंद्राच्या दारात उभे. आजोबा डॉक लेबर बोर्डाचे. बिल्ला, पाळी, पगार, सगळं पक्कं. १९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं, कंटेनर खाडीपलीकडं गेले, गँगा मोडल्या. मी त्याच गोदीत कंत्राटी. पोलादाच्या कॉइलला स्लिंग लावतो. आज हजेरी लागली तर लागली. बंदराला आमचे हात कमी लागायला लागले तशी त्यांना जमीन आठवायला लागली. पूर्व किनाऱ्याची सुमारे अठराशे एकर जमीन पोर्टाची. तिच्यावर काय काय उभं करायचं याचे आराखडे झाले. बागा, सहलीची जहाजं, हॉटेलं. समुद्र बघायला लोक येणार. आम्ही तीन पिढ्या समुद्राकडं पाठ करून ओझी उचलली, आम्हाला समुद्र दिसला कधी?

म्हणून सांगतो, दोस्तांनो, आमची पाळी येईल तेव्हा, आणि जिथं ती आलीय तिथं आजच, मागायचं काय ते ठरवून ठेवा. चौरस फूट सगळेच मागतात. तुम्ही तळमजला मागा. विहार, वाचनालय आणि सभेची मोकळी जागा नकाशावर, लेखी, कुलपाशिवाय. जमिनीचा कागद कुणाच्या नावावर राहणार ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत परत विचारा. देखभालीचा खर्च उद्या कोण भरणार ते विचारा. कंत्राटी हजेरीवर लिफ्टचं बिल भागत नाही. नाही भागलं की दलाल दारात उभाच असतो, आणि पाचशे फूट विकून आपला माणूस कर्जत-कसाऱ्याला जातो. घराच्या कागदावर बाईचं नाव लावा. हे मागायला मंत्रालयात जावं लागत नाही, घरातच भांडावं लागतं, म्हणून ते सगळ्यात अवघड आहे.

आणि नियमावली वाचा. कविता मीही लिहितो, लिहीत राहीन. पण २००१ चा तो एक शब्द कुठल्याही कवितेनं अडवला नाही. ज्या पोरांना इंग्रजी येतं त्यांनी रविवारी दोन तास चाळीत बसून करारनामे मोठ्यानं वाचावेत, मराठीत समजावून सांगावेत. आम्ही चटया घालू. चहा आत्या करणार नाही, आम्ही करू.

आभार मानू नका. गासडीमागं एक रुपया कधीच भरून झालाय.

जय भीम.