काळजी घेणारीची विचारपूस

आजारी माणसाला भेटायला जायची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. हातात शहाळं नाहीतर मोसंबी, कॉटजवळच्या खुर्चीवर दहा मिनिटं, "मागच्यापेक्षा आता बरेच बरे दिसताय हं" हे एक वाक्य आणि मग बाहेरच्या खोलीत चहा. तो चहा कोण करतं? रात्री तीनदा उठून जिने त्या आजारी माणसाची कूस बदललेली असते, तीच! निघताना चपला घालता घालता आपण तिलाच बजावतो, "त्यांना जप गं." आणि वर पुस्ती जोडतो, "तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं."

पण बाई, तू सलग अशी शेवटची कधी झोपलीस, हे तिला कुणी विचारत नाही.

आमच्या भागातल्या काही जणी मिळून आम्ही अशा घरांमध्ये जात असतो. कुठे पक्षाघात झालेले सासरे, कुठे स्मृतिभ्रंश झालेली आई, कुठे पस्तिशीतला मतिमंद मुलगा आणि सत्तरीची त्याची आई. आजार वेगवेगळे, पण काळजी घेणारीचा चेहरा सगळीकडे एकच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. डॉक्टर हे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण याचा दुसरा अर्थ कुणी मोजतो का? घरात हे करणारी एकटीच असेल, तर तिलाही दोन तासांच्या वर झोप नाही. आज नाही, उद्या नाही, वर्षानुवर्षं नाही. मग तिची कंबर धरते, बीपीची गोळी सुरू होते, आणि स्वतःची तपासणी मात्र 'यांचं जरा मार्गी लागलं की करू' म्हणून पुढे ढकलली जाते.

हे काय फक्त आमच्या गल्लीतलं चित्र नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याचं काम करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. या कामात रोजचा वेळ स्त्रियांचा १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. यात मुलांचं संगोपनही आलं, हे खरं. पण स्वयंपाक, धुणीभांडी वगैरे घरकाम यात धरलेलं नाही. त्याची नोंद निराळी आहे. आणि मिनिटांत न मावणारी एक गोष्ट राहतेच, ती म्हणजे तिचे कान. ओट्याशी भाजी चिरत असली तरी तिचे कान आतल्या कॉटकडे लागलेले असतात. ही ड्यूटी कुठल्या पाहणीत मोजणार?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या दिग्दर्शकद्वयीचा २०१३ चा 'अस्तु' हा चित्रपट आठवतो? स्मृतिभ्रंश झालेल्या, संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापक वडिलांना गाडीत बसवून मुलगी थोड्या वेळासाठी दुकानात जाते आणि तेवढ्यात ते हत्तीच्या मागे निघून जातात. अशा वेळी आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? 'ही कुठे गेली होती?' वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून जपलं त्याचा हिशेब नाही, पाच मिनिटं नजर हटली त्याचा मात्र लगेच! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे निदान तितक्याच घरांत कुणाच्या तरी नजरेला सुट्टी नाही.

मला तर वाटतं, आपण अशा बाईचं जे भरभरून कौतुक करतो, तेच तिच्या गळ्यातला फास होतं. 'सेवा', 'पुण्य', 'सावित्री' असे शब्द एकदा चिकटले, की 'मला आज कंटाळा आलाय' असं म्हणायची सोय उरत नाही. अमेरिकेतला दीर फोनवर 'वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत' म्हणतो. त्याचा भाव खोटा नसतो. पण त्याच्या निर्धास्तपणाची किंमत कोण मोजतं? पैसे पाठवून ती फिटते, असं त्याला वाटतं. पैसे लागतातच, पण पैशांना रात्री उठता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्या माणसाचं करायला कसला आलाय हिशेब? प्रेम असलं की सगळं होतं. त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिकांकडे पाहावं. अरुणा शानभाग या त्यांच्या सहकारी परिचारिकेवर १९७३ साली भयंकर हल्ला झाला आणि २०१५ साली तिचा मृत्यू होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नेमलेल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, तेव्हा तिच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता. इतकं प्रेम! पण ते प्रेम पाळीपाळीने केलेलं होतं. एकीची ड्यूटी संपली की दुसरी येत होती, आणि पहिली घरी जाऊन झोपत होती. पिढ्या बदलल्या तरी सेवा थांबली नाही, ती यामुळेच. घरातल्या एकटीकडून मात्र आपण तीच अपेक्षा चोवीस तास, बारा महिने, बिनपाळीने करतो. प्रेम टिकवायचं असेल तर विश्रांती हवीच. ती न मिळालेलं प्रेम चिडचिडीत उतरतं, कधी हात उगारण्यापर्यंतही जातं. मग त्या आजारी माणसाचे जे हाल होतात, ते वेगळेच.

पुण्याचं एक भाग्य असं, की ही गोष्ट इथल्या काही लोकांनी फार पूर्वी ओळखली. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या आजारात त्यांनी स्वतः सगळं सोसलं आणि १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. तिथे रुग्णांचे जसे गट भरतात तसे घरच्यांचेही. 'देवराई' हा २००४ चा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने झाला आणि त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीणही दिसली. 'पार्किन्सन्स मित्रमंडळा'त रुग्णाला 'शुभार्थी' म्हणतात आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. किती छान शब्द! १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. अशा ठिकाणी बाई पहिल्यांदा मोकळेपणाने बोलते आणि शेजारची म्हणते, "अगं, माझंही अगदी असंच होतं." एवढ्यानेसुद्धा अर्धं ओझं उतरतं. पण गटाला जायचं तरी तीन तास घरी कुणी थांबायला हवं ना? सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

'मग ब्यूरोतून मावशी का ठेवत नाहीत?' हा हमखास सल्ला. परवडेल त्यांनी जरूर ठेवावी. पण साध्या पेन्शनीत दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन मावश्या किती घरांना झेपतात? आणि त्या मावशीचंही बघा. आपलं घर सोडून बारा-बारा तास ती दुसऱ्याच्या घरच्या पेशंटजवळ बसते. तिला आठवड्याची सुट्टी हवी म्हटलं की आपल्याच कपाळाला आठ्या पडतात. आपली पाठ वाचवायची म्हणून दुसरीची मोडायची, हा काही न्याय नव्हे.

कायदा काय म्हणतो? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकली. त्या व्याख्येत सून नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक घरांत उठते ती सूनच! म्हणजे कायद्याने जबाबदारी मुलांची, रूढीने ती तिची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे. मोबदला न घेता हे काम करणारे आईवडील आणि घरचे लोकही त्यात धरलेले आहेत आणि जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत अशा माणसांसाठी महिन्याला ६०० रुपये ठरवले. रक्कम किरकोळ आहे, पण 'तू करतेस ते काम आहे' ही त्यामागची कबुली मला मोलाची वाटते.

पुणे महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. ती हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांच्या उपयोगी पडतात. त्यांपैकी काहींमध्ये आठवड्यातून दोन दिवस, चार-चार तास, प्रशिक्षित मदतनीस ठेवून परावलंबी ज्येष्ठांना सांभाळायची सोय का होऊ नये? ज्यांना कॉटवरून हलवता येत नाही, त्यांच्या घरी तेवढ्या वेळासाठी मदतनीस पाठवता येईल. निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना आपण पाणी आणि रस्ते विचारतो, तसंच हेही विचारायला हवं.

तोवर घरात काय करता येईल? सगळी भावंडं, परदेशातलीसुद्धा, एकदा फोनवर एकत्र या आणि वहीत लिहा. औषधं कोण आणणार, डॉक्टरांकडे कोण नेणार, आठवड्यातल्या कोणत्या दोन रात्री मुलगा वडिलांच्या खोलीत झोपणार आणि वर्षातले कोणते पंधरा दिवस लांबचा भाऊ इथे येऊन राहणार. 'जमेल तसं बघू' असं लिहायचं नाही. वार आणि तारीख लिहायची. डायपर बदलणं पुरुषांनाही शिकता येतं. काही जण ते उत्तम करतातही. शेजारणींनो, आपल्यालाही 'काही लागलं तर सांग' म्हणणं पुरेसं नाही. ती कधीच सांगत नाही. 'गुरुवारी चार ते सात मी बसते, तू बाहेर जा' असं सांगावं लागतं. ती कुठे गेली, काय केलं, हेही विचारू नये. बागेत नुसती बाकावर बसून आली असेल, तरी चालेल.

आणि ज्या घरात पाच-दहा वर्षांनी ते आजारपण संपतं, तिथल्या बाईचा विचार आत्ताच करायला हवा. तेव्हा ती पंचावन्नची असते. नोकरी कधीच सुटलेली, मैत्रिणी दुरावलेल्या, कंबर मोडलेली. पुढच्या आजारपणात तिलाच कुणी तरी सांभाळायचं आहे. ते कोण, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा.