माहासितो बोबो

क्युबात एका छोट्या सापाला ‘माहासितो बोबो’ म्हणतात. माहा म्हणजे तिथला पुरुषभर लांबीहून मोठा होणारा बोआ. हा त्याचा धाकटा, आणि बोबो, म्हणजे बावळट. कुळ ट्रोपिडोफिडी, त्यातल्या जवळपास निम्म्या जाती एकट्या क्युबात. बहुतेक हात-दीड हाताचे. दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात. रात्री बेडूक-सरड्यांच्या मागावर. विष नाही. भक्ष्य वेटोळ्यात आवळायचे आणि गिळायचे, एवढाच त्यांचा धाक.

डिवचले तर हा सहसा चावत नाही. अंगाचा गोळा करतो, डोके आत दडवतो, घाण वास सोडतो. तेवढ्याने भागले नाही, तर जखम नसताना डोळ्यांतून आणि तोंडातून रक्त काढतो. ‘मी मेलोच आहे, मला खाऊन काय मिळणार’ असे सांगण्याचीच ही तऱ्हा असावी. एवढे नाटक वठवणाऱ्याला बावळट म्हणायचे!

इंग्रजीतले ‘ड्वार्फ बोआ’ हे नावही उसनेच. डीएनए तपासले तेव्हा त्याची जवळीक बोआशी नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतल्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या, बिळात राहणाऱ्या एका सापाशी निघाली.

या कुळाचे साप जमैकातही आहेत. तिथे 1872 मध्ये एका ऊसमळेवाल्याने उंदीर मारायला थेट कलकत्त्याहून नऊ मुंगसे नेली. मुंगसांनी उंदीर खाल्ले, तसेच सरडे, जमिनीवर राहणारे पक्षी आणि सापही खाल्ले. विषारी की बिनविषारी, ही चौकशी मुंगूस करत नाही.

ती आपण करतो, आणि तिचेच मला वावडे आहे. घरात साप निघाला की सर्पमित्र सांगतो, ‘बिनविषारी आहे, मारू नका.’ हेतू चांगला. पण त्या वाक्यात विषारी निघाला तर काठी उचलायची मुभा राहतेच. शिवाय निरुपद्रवी ठरलेल्याचे तरी काय भले होते? आपल्या मांडुळाकडे पाहा. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, या खुळापायी त्याची चोरटी विक्री चालते. नाग असता तर कुणी हात लावला नसता. मांडूळ पोत्यात मुकाट जातो, आणि भाव ठरवायला वजनकाट्यावर ठेवला, तरी चावत नाही.