हाडांवरून उंची : आकडा आणि त्याची मर्यादा

कोराडीचे औष्णिक वीजकेंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून या परिसरात पोटासाठी दूरदूरची माणसे येत आली आहेत. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला लोटणारी गर्दी निराळीच. अशा ठिकाणी एखादा बेवारस सांगाडा सापडला, तर तो कोणाचा हे शेजारीपाजारी सांगू शकतीलच असे नाही. मग हाडांनाच बोलते करावे लागते.

डीएनए चाचणी असताना हाडे मोजण्याची यातायात कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु त्या चाचणीस ताडून पाहण्यासाठी नातेवाईक लागतो, आणि कोणाच्या नातेवाइकाला बोलवावे हे लिंग, वय व उंची यांवरूनच ठरते. पहिली चाळणी चुकली, तर पुढची अचूकता व्यर्थ होय.

ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली सूत्रे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. त्यांतील गोऱ्या पुरुषांच्या सूत्रानुसार मांडीच्या हाडाच्या लांबीस २.३८ ने गुणून ६१.४१ मिळवावयाचे. हाड ४५ सेंटिमीटरचे असेल, तर उंची सुमारे १६८.५ येते. मात्र या सूत्राची प्रमाणित चूक ३.२७ सेंटिमीटर आहे. म्हणजे बऱ्यापैकी खात्रीने सांगावयाचे, तर उत्तर १६२ ते १७५, अर्थात पाच फूट चार इंच ते पाच फूट नऊ इंच, असे द्यावे लागते. अहवालात नुसते 'साडेपाच फूट' लिहिले, तर पाच फूट चार इंचांचा हरवलेला माणूस यादीतून नाहक गळतो. त्यातच घरच्यांनी तक्रारीत सांगितलेली उंचीही बहुधा अंदाजाचीच असते.

शिवाय ही सूत्रे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या अमेरिकी सैनिकांवर बेतलेली आहेत. तेच हाड त्यांच्याच कृष्णवर्णीयांच्या सूत्रात घातले, तर उंची १६५.३ भरते. एका देशातील दोन समाजांत तीन सेंटिमीटरांचे अंतर पडत असेल, तर विदर्भातील शेतमजुराला ते माप कसे लागू पडावे? भारतात पॅन यांनी १९२४ मध्ये, नॅट यांनी १९३१ मध्ये आणि सिद्दीकी व शहा यांनी १९४४ मध्ये अनुक्रमे बंगाल-बिहार-ओरिसा, संयुक्त प्रांत व पंजाब येथील माणसांसाठी गुणक काढले. पोषण बदलते तशी पिढ्यांची उंचीही बदलते. यास्तव जुन्या गुणकांची पुनःपुन्हा तपासणी अटळ आहे.

शवविच्छेदनगृहात येणाऱ्या ओळख पटलेल्या मृतांची मोजमापे वैद्यकीय महाविद्यालयांनी शिस्तीने नोंदवावीत, आणि अहवालात आकड्याबरोबर त्याची मर्यादाही लिहिली जावी. याला फार मोठा खर्च येत नाही. कोणाच्या तरी घरी वर्षानुवर्षे चाललेली प्रतीक्षा त्याने संपू शकेल.