मंडळींतील न दिसणारीं कृपादानें

ख्रिस्ती कुटुंबांत कृपादानांचा विषय निघाला कीं बहुधा दोनच प्रकारच्या माणसांचीं नांवें घेतलीं जातात. एक, जो व्यासपीठावरून उत्तम उपदेश करतो तो. आणि दुसरा, ज्याचा गळा गोड आहे तो. फार झालें तर लांब व भावपूर्ण प्रार्थना करणारा तिसरा त्यांत येतो. बाकीच्या सर्वांस देवानें जणूं बांकावर बसून ऐकण्यासाठींच निर्माण केलें आहे! मोठ्या माणसांना या समजाची संवय झालेली असते. परंतु वर्गांतील मुलें तो फार मनाला लावून घेतात. वक्तृत्वस्पर्धेंत ज्याची जीभ अडखळली, गायकगणांत ज्याची निवड झाली नाहीं, तो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मनाशीं ठरवून टाकतो कीं, प्रभूनें आपल्याला कांहींच दिलेलें नाहीं. पुढें शाळा सुटली म्हणजे त्याचें उपासनेला येणेंही हळूहळू सुटतें. आणि वडील मंडळी 'हल्लींचीं मुलें!' असें म्हणून मोकळी होते. माझ्या मतें हा दोष मुलांचा नव्हे. दानांची जी यादी आपल्यांत रूढ झाली आहे तीच अपुरी आहे.

करिंथ येथील मंडळींत नेमकें हेंच झालें होतें. तें व्यापाराचें व संपत्तीचें शहर. दिखाऊ गोष्टींची तेथें मोठी चहा. अन्य भाषांत बोलणारे पुढें पुढें करीत, आणि इतरांस आपण कोणीच नव्हे असें वाटे. त्यांना लिहितांना पौलानें पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायांत जी यादी दिली, ती वाचकांनीं एकदां सावकाश पाहावी. प्रेषित, संदेष्टे व शिक्षक यांच्यामागून अद्भुत कृत्यें करणारे व रोग बरे करणारे येतात. आणि लगेच त्यांच्या पाठोपाठ, अन्य भाषांच्याही आधीं, साहाय्य करणारे व व्यवस्था पाहणारे येतात. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशीं बसणारी बाई आणि मंडळीचा हिशेब चोख ठेवणारा कारकून हे दोघेही त्याच ओळींत उभे आहेत. आपण मात्र त्यांचे वार्षिक सभेंत एका वाक्यांत आभार मानतों, आणि तेंही वेळ उरल्यास.

रोमकरांस पत्र कोणीं लिहिलें असें विचारलें तर शाब्बाथ शाळेंतील सर्व मुलें पौलाचें नांव घेतील. परंतु त्या पत्राच्या अखेरच्या अध्यायांत तर्तियस नांवाचा एक मनुष्य आपला सलाम सांगतो. पत्र हातानें लिहिणारा तोच होता. त्याविषयीं शास्त्रांत याहून अधिक कांहीं नाहीं. मोशेच्या काळीं देवानें ज्याला नांवानें बोलावून आपल्या आत्म्यानें परिपूर्ण केलें तो बसालेलही उपदेशक नव्हता. सोनें, रुपें, पितळ, रत्नें व लांकूड यांवर काम करणारा तो कारागीर होता. यापोच्या दुर्कसेची गोष्ट तर सर्वांना ठाऊकच आहे. ती वारली तेव्हां विधवांनीं पेत्राला दाखविले ते तिनें शिवलेले अंगरखे.

येथें कोणी म्हणेल, 'गुरुजी, शिवण, सुतारकाम, हिशेब हे नुसते स्वाभाविक गुण झाले. हे ख्रिस्ती नसलेल्या माणसांतही असतात. यांना आत्म्याचीं दानें कसें म्हणावें?' शंका रास्त आहे. नुसत्या हुशारीला कृपादान म्हणूं नये हें मलाही मान्य आहे. परंतु स्वाभाविक गुण आणि कृपादान यांच्यामध्यें आपण समजतों तशी भिंत नाहीं. पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. संस्कृत विद्या त्यांना आईवडिलांकडून लहानपणींच मिळाली. 1878 सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांचा गौरव केला, तेव्हां त्या ख्रिस्ती नव्हत्या. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें उतारवयांत त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठींत त्यांनीं सबंध पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. भाषेची बुद्धि जुनीच होती. ती कोणासाठीं वापरावयाची, हें मात्र बदललें होतें.

केडगांवच्या मुक्तिसदनाची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथें 1905 सालीं मोठी आत्मिक जागृति झाली. मुली तासन् तास प्रार्थनेंत राहत, आणि पुढें कांहींजणी अन्य भाषांत बोलूं लागल्या. पंडिताबाईंनीं त्याचा धिक्कार केला नाहीं. पण प्रत्येकीस तेंच दान मिळालें पाहिजे असा हट्टही धरला नाहीं. त्याच आवारांत शेती होती, विणकाम होतें आणि छापखाना होता. रमाबाई 1922 सालीं निवर्तल्या. त्यांचें पवित्र शास्त्र 1924 सालीं छापून पूर्ण झालें, आणि त्याचे खिळे मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं आपल्या हातांनीं जुळविले. सबंध शास्त्राचे खिळे, अक्षरामागून अक्षर! प्रार्थनेंत अश्रु ढाळणें हें आत्म्याचें काम आणि खिळे जुळविणें हें हातांचें, असा भेद ज्याला करावयाचा असेल त्यानें तो खुशाल करावा. मला तो करवत नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयीं येथें विस्तारानें लिहीत नाहीं, कारण त्यांचीं गीतें आपण 'उपासना संगीता'तून गातोंच. 1895 सालीं बाप्तिस्मा घेण्यापूर्वींही ते कवि होतेच. त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें असतांच 1919 सालीं ते वारले, आणि तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. शाळेचें तोंडही न पाहिलेल्या बाईनें महाकाव्य पुरें करावें, ही गोष्ट परीक्षेंत नापास झालेल्या मुलानें अवश्य ध्यानांत ठेवावी.

दान आहे हें ओळखावें कसें, असें विद्यार्थी विचारतात. एकांतांत बसून स्वतःचें मन चांचपीत राहिल्यानें तें बहुधा कळत नाहीं. जें काम समोर येईल तें कांहीं दिवस करून पाहावें. आपल्या हातून दुसऱ्याला कोठें आधार मिळतो तें इतरांच्या आधीं ध्यानांत येतें, आणि त्यांनीं तें बोलून दाखवावें. हें बोलून दाखविण्याचें काम पालकांचें व पाळकांचें आहे. पाळकांस माझी नम्र विनंति आहे कीं, मंडळीचें प्रत्येक काम त्यांनीं स्वतःच करूं नये. आजाऱ्यांच्या भेटीस जातांना दोन मुलांना बरोबर न्यावें. दानपेटीची मोजदाद गणितांत हुशार असलेल्या मुलीला शिकवावी. नाताळच्या जेवणाची व्यवस्था एखाद्या वर्षीं तरुणांकडे सोंपवून द्यावी. भात करपला तरी चालेल.

शाळेनेंही आपला वांटा उचलावा. बक्षीससमारंभांत वक्तृत्वाला ढाल आहे, गायनाला ढाल आहे. परंतु वसतिगृहांत तापानें फणफणलेल्या सोबत्याच्या कपाळावर जो रात्रभर ओल्या पट्ट्या ठेवतो, त्याला कोणतें बक्षीस आहे? ढाल देऊं नये हेंच बरें, कारण ढालेसाठीं शुश्रूषा करणारे निघतील. पण त्याच्या प्रगतिपुस्तकांत वर्गशिक्षकानें दोन ओळी लिहिण्यास कांहींच हरकत नाहीं, आणि गुणांचे आंकडे पाहण्यापूर्वीं वडिलांनीं त्या दोन ओळी मोठ्यानें वाचाव्या.