जीप उंच करण्याआधी

गेल्या ईदला भाचा पुण्याहून आला आणि शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊनच घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. तिथं अब्बांची जीप उभी असते. अर्ध्या तासाने परत आला तो मोबाईलवर एक यादी उघडून. चार इंचांची लिफ्ट किट, 31 इंची टायर, नवे रिम, नवे शॉक ॲब्सॉर्बर. मजुरीसकट आकडा लाखाच्या पुढे गेला होता.

"मामू, पैसे मी घालतो. तुम्ही फक्त हो म्हणा. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वळून बघेल."

मी म्हटलं, "विचार करून सांगतो." हा लेख म्हणजे तोच विचार. भाच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या घरी बापाची किंवा आजोबांची जुनी जीप उभी आहे आणि तिला उंच करायचं ज्यांच्या मनात आहे, अशा सगळ्यांसाठी.

आमची जीप 1968 सालची, महिंद्राची सीजे थ्री बी. पेट्रोल इंजिन, उंच बॉनेट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. अब्बांनी ती 1985 मध्ये सरकारी लिलावात घेतली. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मुख्य रस्त्यापासून आत. जांभ्याचा चढ, मध्ये एक पऱ्ह्या. पावसाळ्यात एसटी फाट्यावरच थांबायची. आंब्याच्या पेट्या फाट्यापर्यंत नेणं, रात्री-अपरात्री बाळंतीण तालुक्याला पोचवणं, दोन्ही मोहल्ल्यांतल्या लग्नांचं सामान आणणं, सगळं या जीपने केलं.

जीपवरून अब्बा एक गोष्ट नेहमी सांगायचे. ही कंपनी 1945 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं. महिंद्र बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. एम अँड एम ही अक्षरं तेवढी तशीच राहिली. अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात झाली ती त्याच सुमाराला. युद्धासाठी बनलेली गाडी इथं आली आणि शेतकऱ्याची, डॉक्टरची, फौजदाराची झाली.

म्हणून "जुनी गाडी आहे तशीच ठेवावी, तिला हात लावू नये" असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. आपल्याकडे जीप कधीच आहे तशी राहिली नाही. कुणी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, कुणी मागे लांब बाकं टाकून वडाप केली, कुणी पत्र्याचा टप चढवला. खुद्द अब्बांनी मागच्या कमानपाट्यात एक पाता वाढवला होता, कारण पेट्या भरल्या की जीप मागे बसायची. बदल करणं हा गुन्हा नाही. प्रश्न एवढाच की बदल कशासाठी, आणि त्याची किंमत कोण मोजणार?

आधी बदल काय असतो ते समजून घेऊ. आपली बरीच तरुण मुलं व्हिडिओ बघून निर्णय घेतात आणि व्हिडिओत फक्त आधीची आणि नंतरची गाडी दिसते.

या जीपला कमानपाटे ॲक्सलच्या खालून बांधलेले असतात. तिला उंच करायच्या चार वाटा आहेत. एक, लांब शॅकल लावायचे. दोन, जास्त कमान असलेले नवे पाटे घालायचे. तीन, पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवायचे. चार, चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी उचलायची. पहिली वाट सगळ्यात स्वस्त आणि म्हणून सगळ्यात लोकप्रिय.

आता एक साधी गोष्ट, जी किट विकणारा सहसा सांगत नाही. या चारही प्रकारांत ॲक्सल जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. आणि दगडाला आधी लागतो तो डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे ॲक्सलच. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, तोसुद्धा फरकाच्या निम्माच. जीपचा मूळ 6.00-16 टायर सुमारे 28 इंच उंच. तिथं 31 इंची घातला की गोळा दीड इंच वर येतो. लाखभर रुपयांतून खऱ्या अडथळ्यावर मिळणारी उंची दीड इंच. बाकीची बघणाऱ्यासाठी.

लिफ्टचा काहीच उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या टायरला जागा मिळते. गाडीचं पोट वर येतं. खड्ड्यात उतरताना आणि चढताना पुढचा-मागचा भाग घासत नाही. लांब गाड्यांना हा फायदा मोठा आहे. पण आमच्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त 80 इंच आहे, आणि बंपरच्या पुढे-मागे फारसं काही लोंबत नाही. तिचं पोट मुळात कमीच अडतं. जे तिला जन्मापासून मिळालंय तेच आपण पुन्हा विकत घेतो.

आणि त्या बदल्यात काय देतो? टायर 28 वरून 31 वर गेला की इंजिनाला चाक फिरवायला दहा-अकरा टक्के जास्त जोर लागतो. 5.38 चा ॲक्सल रेशो 4.86 असल्यासारखा वागू लागतो. म्हणजे चढावर, जिथं जीपची खरी ताकद, तिथंच ती कमजोर होते. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने धावत असते. ब्रेकचंही तेच. ड्रम जुनेच, लायनर जुनेच, पण थांबवायचं चाक मोठं आणि जड. मागचा प्रोपेलर शाफ्ट या जीपला आधीच आखूड, गाडी उचलली की त्याचा कोन वाढतो, गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे रबरी पाइप चाक खाली लटकलं की ताणले जातात. स्टेअरिंगची ड्रॅग लिंक तिरकी होते, मग खड्ड्यात चाक वर-खाली झालं की हँडल आपोआप हिसका देतं. लांब शॅकलने पुढच्या किंगपिनचा कल बदलतो आणि गाडी रस्त्यावर सरळ धावायचं विसरते. यातलं प्रत्येक दुखणं दुरुस्त करता येतं, पण त्या प्रत्येकाचा खर्च वेगळा, आणि तो पहिल्या यादीत नसतो.

शिवाय उंची वाढली तरी पाया तेवढाच राहतो. दोन चाकांमधलं अंतर चार फुटांच्या आसपास. अरुंद पाटावर हंडा ठेवा आणि त्यावर कळशी चढवा, तसं.

कायद्याचंही ऐका. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. आमची जीप त्यात बसू शकते. उंच केली की बसणार नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल निघाला, तर दावा अडकू शकतो तो वेगळाच.

मला या कायद्यात एक गोष्ट शहाणपणाची वाटते. अपंग माणसाला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करायची परवानगी त्याच कलमात आहे. म्हणजे कायदाही तोच प्रश्न विचारतो, जो अब्बा विचारायचे. गरज आहे का? गरजेपलीकडच्या खर्चाला ते इस्राफ म्हणायचे आणि त्यावर त्यांचं बोलणं तिथंच संपायचं. जास्तीच्या पात्यामागे त्यांची गरज होती. आंबा फाट्यावर वेळेत पोचायला हवा होता.

मी हे सगळं पुस्तकात वाचून सांगत नाही. 1991 मध्ये मी बावीस वर्षांचा होतो. एका सिनेमात उंच जीप बघितली होती. अब्बा आठवडाभर मुंबईला गेले होते, तेवढ्यात मी शहरातून लांब शॅकल आणले आणि एका भंगारातल्या गाडीचे मोठे टायर चढवले. मिस्त्री नको म्हणत होता. "भाई, हँडल पूर्ण कापलं की टायर पाट्याला घासतंय," हे त्याने मला दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, एवढं कोण कापतंय.

दोन दिवस गावात मिरवलो. तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला कॉलेजातून आणायला गेलो. परतताना उतारावर जीप डावी-उजवीकडे पळू लागली. पऱ्ह्याच्या अलीकडच्या वळणावर मी हँडल कापलं, टायर पाट्याला अडला आणि जीप जेवढी वळायला हवी तेवढी वळलीच नाही. वेग फार नव्हता. चाक गटारात गेलं आणि पूर्वी जी जीप तिरकी होऊन थांबली असती ती डाव्या अंगावर आडवी झाली. डावीकडे बहीण बसली होती.

तिच्या डाव्या कोपराची तीन महिने शुश्रूषा झाली. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. अब्बा परत आले. मला एक शब्द बोलले नाहीत. बहिणीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जीपखाली शिरून ते शॅकल काढले आणि शेडमधल्या खिळ्याला टांगले. जुने लावले. माझ्या हातात फक्त पाना दिला, धरायला.

भाचा त्याच बहिणीचा मुलगा. आईचा हात असा का, हे त्याने लहानपणी विचारलं होतं. "अंगणात पडले होते," असं तिने सांगितलं. गेली तेहतीस वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली. माझ्यासाठी.

ईदच्या त्या संध्याकाळी मी भाच्याला शेडमध्ये नेलं आणि खिळ्यावरचे गंजलेले शॅकल दाखवले. बहीणही मागून आली. मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ आईच्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "पण मामू, आता किट चांगल्या येतात. इंजिनिअर बनवतात." बरोबर आहे त्याचं. चांगल्या किट येतात, चांगले मिस्त्रीही आहेत. ज्याची गाडी खाजगी जागेत, डोंगरातल्या स्पर्धेत चालते, ज्याने ब्रेक, शाफ्ट, स्टेअरिंग सगळ्याचा हिशेब केलाय, त्याच्याशी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो वळून बघणाऱ्यांसाठी केलेल्या उंचीशी. कारण वळून बघणारा पुढे निघून जातो. डावीकडच्या सीटवर आपलं माणूस बसलेलं असतं. आणि रस्त्यावर समोरून सायकलवर शाळेतलं पोर येत असतं, ज्याच्या डोळ्यांवर आपले उंचावलेले हेडलाइट पडतात आणि ज्याच्या छातीच्या उंचीवर आपला बंपर आलेला असतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

शेवटी आम्ही काय केलं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता उपदेश केला. मिस्त्रीने मोजलं तेव्हा जीप मूळ उंचीपेक्षा दीड इंच बसलेली निघाली. पंचावन्न वर्षांचे पाटे, थकणारच. नवे पाटे मूळ मापाचे, नवे बुश, नवे यू-बोल्ट घातले. ब्रेकचे पाइप आणि लायनर बदलले. टायर 6.00-16 च, पण खोल नक्षीचे. भाच्याच्या यादीच्या निम्म्यातही सगळं झालं नाही असं नाही, झालं. जीप दीड इंच वर आली, आणि ती उंची तिची स्वतःची आहे. मऊ चिखल लागला की टायरमधली हवा थोडी कमी करायची आणि डांबरावर यायच्या आधी परत भरायची, एवढं भाच्याला शिकवलं. अशी हलकी गाडी मोठ्या टायरपेक्षा या युक्तीने जास्त चालते.

पहिल्या पावसात भाचा जीप घेऊन पऱ्ह्यातून पलीकडे गेला आणि परत आला. डावीकडे त्याची आई बसली होती. शॅकल मात्र मी खिळ्यावरून काढलेले नाहीत.