तहानलेल्या कावळ्याची चोच

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिचा पुढचा भाग अमेरिकेत घडला. वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड इथं 'लायगो' नावाची वेधशाळा आहे. काटकोनात जोडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, टोकांना आरसे. दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की जी थरथर सुटते ती इथं लेसरच्या किरणानं मोजतात. २०१७ च्या उन्हाळ्यात उपकरणात भलतेच ठोके उमटायला लागले. शोध घेतला तर डोमकावळे थंड नळावरच्या बर्फाला चोच मारत होते. तहानले होते बिचारे! मग बर्फ धरू नये अशी तजवीज झाली.

अशीच वेधशाळा आता मराठवाड्यात उभी राहायची आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. आमच्या उमरीहून नांदेड, वसमत करत जाता येतं, इतकी जवळ.

तारखा बघा. पहिली गुरुत्वीय लहर सापडल्याचं ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झालं. (सांगणाऱ्यांत गॅब्रिएला गोन्झालेस ही बाई पुढं होती, याचा मला आनंद आहे.) सहा दिवसांत दिल्लीनं भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. ३१ मार्चला अमेरिकेशी करार झाला. त्याच मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. घागरी घेऊन रांगेत कोण उभं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्यातल्या काही जणी म्हणतात, प्यायला पाणी नाही आणि आकाशाचे चोचले कशाला? मला हे पटत नाही. वेधशाळेचे २,६०० कोटी, जे एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झाले, ते थांबवले म्हणून आपल्या नळाला पाणी येणार नाही. शिवाय आकाश त्यांचं आणि घागर आपली, ही वाटणी आपणच का मान्य करायची?

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. हे काम एका रात्रीत ठरलेलं नाही. आपल्याकडचे शास्त्रज्ञ २००९ पासून यासाठी संघटित झाले. अमेरिकेतलं जादा यंत्र आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केलं होतं, २०११ मध्ये तिथून नकार आला, मग भारताचं नाव पुढं आलं. जमीन शांत हवी, रेल्वे, खाणी, मोठे रस्ते लांब हवेत, हे सगळं तपासलं गेलं. लुईझियानातल्या वेधशाळेला तर झाडं तोडण्याचा हादराही जाणवतो. म्हणजे वीस-वीस वर्षं पुढचं बघता येतं. मग त्या वीस वर्षांत आसपासच्या गावातल्या पोरी कुठं असतील, हे कुणी बघायचं?

मी एका कचेरीतल्या 'पुढच्या पंचवीस वर्षांच्या' बैठकीला गेले होते. आम्हा चौघींना समईत तेल घालायला सांगितलं. पाण्याचा प्रश्न काढला तर "ताई, ते दुसऱ्या खात्याचं" आणि चहा.

परदेशी सहकार्याच्या विज्ञानात बाईला जागा मिळाली ती कुठं? पाटणचेरूला १९८५ मध्ये, नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीत. काय टोचतात ते बायकांना धड सांगितलं नव्हतं. स्त्री संघटनांना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. पुन्हा २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा इथं दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस टोचली. पाथ ही अमेरिकी संस्था आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद त्यात होती. खम्ममला कितीतरी संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या! २०१० मध्ये ते थांबलं, २०१३ मध्ये संसदीय समितीनं कोरडे ओढले. सहकार्य दोन देशांचं आणि अंग आपलं.

दुसरंही घडू शकतं, ते आपल्याच भागात घडलंय. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या पैशातून पुनर्वसन झालं, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भूकंपात टिकणारी भिंत कशी असते हे त्या शिकल्या, लोकांना शिकवलं, इंजिनिअरला जाब विचारला. शिकलेल्या होत्या का? बऱ्याचशा नव्हत्या.

म्हणून औंढ्याच्या बाबतीत आत्ताच भांडायचं. वेधशाळा २०३० च्या आसपास सुरू व्हायची आहे. निर्वात नळ्यांचं वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रांची देखभाल यांना हात लागतील. आज दहावीत असलेली पोरगी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल. तिच्यासाठी हिंगोली, वसमत, औंढ्याच्या आयटीआयमध्ये हे विषय आणि शेजारी मुलींचं वसतिगृह हवं. नाहीतर तिला तिथं झाडलोटीचंच काम मिळणार, तेही कंत्राटदाराच्या मेहेरबानीनं. शांततेसाठी आसपासच्या रस्त्यांवर, खाणींवर बंधनं घालायची तर आधी महिलांच्या ग्रामसभेत मांडा, मराठीत.

निवेदनाचा मसुदा आम्ही उमरीत लिहायला घेतला आहे. वसमत आणि औंढ्याकडच्या गटांनी आपल्या गावातल्या दहावीतल्या मुलींची यादी करून ठेवावी. नावं लागतील, नुसता आकडा नको.