नळीवरचा पाण्याचा पदर

पाण्याचा माठ आठ दिवस घासला नाही, तर आतून बोटाला बुळबुळीत लागते. तो जंतूंचा थर. नुसते पाणी फिरवून तो जात नाही, घासावाच लागतो. शरीरात घातलेल्या नळीवरही असाच थर धरतो. घरात आजारी अब्बांना लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावलेली असेल तर ती आतून घासणार कशी? थराच्या आड बसलेल्या जंतूंपर्यंत औषधही नीट पोहोचत नाही. नळी आत असताना लघवीत जंतू होण्याचा धोका दर दिवसाला 3 ते 7 टक्के धरला जातो.

मग जंतूंना नळीवर बसूच दिले नाही तर? फालुद्यासाठी भिजवलेला सब्जा आठवा. प्रत्येक दाण्याभोवती पाणी धरून ठेवणारा निसरडा पदर असतो. अशा पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. 1960 साली प्रागच्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी शरीरासाठी वापरता येतील अशी हायड्रोजेल जगापुढे मांडली. डोळ्यांत घालायच्या मऊ लेन्स त्यातूनच आल्या.

नळीवर आधी शरीरातली प्रथिने चिकटतात आणि मग त्यांच्या आधाराने जंतू बसतात. नळीला हायड्रोजेलचा लेप दिला, की त्यातले पाणी प्रथिनांना सहसा जागाच देत नाही.

खरी अडचण टिकण्याची आहे. ओला लेप नाजूक असतो. नळी वाकते, घासली जाते, लेप वाळतो आणि सुटतो. जिथे सुटला तिथे जंतूंना घर मिळाले. म्हणून लेप वरून नुसता न फासता रसायनाने नळीशी बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2016 साली रबरासारख्या पदार्थांशी हायड्रोजेल पक्के जोडण्याची एक रीत प्रसिद्ध केली.

पण लेप कितीही चांगला असला, तरी तो काळजीची जागा घेत नाही, एवढे आम्हाला आवर्जून सांगायचे आहे. नळीला हात लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवा. पिशवी कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. नळी मुरगळू देऊ नका, जोड उगाच उघडू नका. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टर भेटतील तेव्हा न संकोचता विचारा, "डॉक्टरसाहेब, ही नळी अजून लागतेच का?" गरज संपलेली नळी डॉक्टरांकडून वेळेवर काढून घेणे, हा जंतू टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.